सायकल कुठं लावलीस?

६ जानेवारी

चि. किणकिण,

अनेक आशीर्वाद. इतक्या वर्षांनी मामाचं पत्र, तेही जाडजूड, म्हणजे मामाला काहीतरी हवंय, हे तू पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं असशील. बरोबर ओळखलंस. फोन केला असता, पण तुझ्या दुकानात फोन केला की दर दोन वाक्यांमागे कुणाची तरी चेन निसटते आणि आपलं बोलणंही. शिवाय चाळीस वर्षं पाट्या रंगवलेल्या माणसाला मनातलं सांगायचं तर अक्षरच हवं.

मागच्या पडवीत तुझी ती जांभळी, जाड टायरांची डोंगरी सायकल अजून उभी आहे. "दोन महिन्यांत न्यायला येते, मामा," म्हणाली होतीस. कॉलेज संपवून माझ्या घरून गेलीस त्याला चोवीस वर्षं झाली. तिच्या हँडलला मी छत्री अडकवतो. एका वर्षी चिमणीने घंटीच्या शेजारी बिऱ्हाड केलं होतं, तर मी महिनाभर छत्री दुसरीकडे ठेवली. परवा ती पुसून पाहिली. सांगाडा गंजलेला नाही. मला ती लांबच्या प्रवासाला चालेल अशी करून हवी आहे.

कुठं जायचंय? तुझ्या आईकडे.

हसू नकोस. दोनशे दहा किलोमीटर, चार दिवस, थंडी ओसरल्यावर. ताई लग्न होऊन निघाली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. गाडीमागे धावत सुटलो आणि ओरडलो, "मी सायकलने येईन तुझ्याकडे!" सायकल मला तिनेच शिकवली होती, बाबांच्या उंच सायकलवर, दांडीखालून पाय घालून. त्यानंतर अठ्ठावन्न वर्षं मी तिच्याकडे बसनेच जातो आहे. आणि दर खेपेला मी दारात पाय ठेवला की ती माझ्या खांद्यावरून मागे डोकावते आणि विचारते, "सायकल कुठं लावलीस?" तुझे बाबा गेले त्या दिवशीसुद्धा विचारलं. रडत होती, तरी विचारलं. आणि त्या दिवशी ती एकदाच हसली ती तेव्हाच.

गेल्या ऑक्टोबरात गेलो होतो. तिनं दार उघडलं, "ये," म्हणाली, पाणी दिलं. विचारलं नाही. तीन दिवस राहिलो, शाळकरी पोरासारखी वाट पाहिली. नाहीच विचारलं. अलीकडे ती शब्द विसरते असं तुझा दादा म्हणाला होता. मला भीती वाटते, किणकिण, की तो प्रश्नही तिच्यातून निघाला. पुरता निघून जायच्या आत मला सायकल घेऊन त्या दारात उभं राहायचं आहे. बाकी आयुष्यात आता काही तातडीचं उरलेलं नाही.

आता हँडलचं. मी सातवीत असताना शाळेपुढे एक सायकलप्रवासी थांबला होता. हनुवटीपर्यंत धूळ, मागे दोन पिशव्या, आणि हँडल कसं? मेंढ्याच्या शिंगांसारखं, पुढे जाऊन खाली वळलेलं. त्या दुपारी वर्गात मास्तर वाटसराची कविता शिकवत होते आणि मी खिडकीतून खराखुरा वाटसरू बघत होतो. तेव्हापासून दोन ओळी डोक्यात घुमतात:

वाट म्हणे पायांना, बसा घटकाभर,
मी कुठे जाते पळून, इथेच माझे घर.

त्याच कवितेतल्या की दुसऱ्या कुठल्या ते आठवत नाही. कुठल्याच पुस्तकात सापडल्या नाहीत, तेव्हा माझ्याच असाव्यात. असो. मला तेच हँडल हवं.

तुझा,
पाट्यावाला मामा


१५ जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार. तुझं पत्र दुकानात उघडलं ही चूक झाली. बाबांच्या दिवसाचं वाचलं आणि हातातला पाना हातातच राहिला. समोरचं गिऱ्हाईक घाबरून म्हणालं, "बाई, माझा ब्रेक इतका वाईट आहे का?"

सायकल करू. नक्की करू. तो सांगाडा पोलादी आहे, माणसापेक्षा जास्त टिकणारा. गुळगुळीत टायर, मडगार्ड, मागे मजबूत कॅरियर, एवढं तुझ्या कोपऱ्यावरचा सायकलवालाही करील. भांडण हँडलचंच होणार.

आत्ता आहे तो सरळ दांडा. डोंगरात तासभर उड्या मारायला छान, पण दिवसभर चालवायचं तर हात एकाच जागी अडकतात, तळव्यांना मुंग्या येतात. तुझी मेंढ्याची शिंगं दिसायला देखणी, धरायला जागा तीन-चार, समोरून वारा आला की खाली वाकता येतं. सगळं कबूल. पण डोंगरी सायकलचा सांगाडा मुळातच लांब असतो, आणि हे हँडल त्याच्याही पुढे वीतभर जातं. म्हणजे तू सायकलवर बसणार नाहीस, मामा, तू पसरणार आहेस. शिवाय ब्रेक वेगळे, गिअरचे खटके वेगळे, सगळंच बदला. एक फुलपाखरी हँडल येतं, आडव्या आठासारखं, हात कुठंही फिरवता येतात. ते बघ हवं तर. आणि मला विचारशील तर मागे वळलेलं साधं हँडल, पूर्वी घरोघरच्या सायकलींना असायचं तसं. त्याला तुझे जुनेच ब्रेक चढतील, मनगट सरळ राहील, पाठ ताठ. सत्तरीच्या माणसाला मी डोळे झाकून तेच देते.

रागावू नकोस. मी सत्तरी म्हटलं, म्हातारा म्हटलं नाही.

काहीही ठरलं तरी मला दोन मापं लागतील: एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत, आणि खांद्यापासून मुठीपर्यंत. आणि हातांचं खरं सांग. ब्रश ठेवलास त्या वर्षी म्हणाला होतास की करंगळी झोपून जाते. अजून झोपते?

आईबद्दल दादाला जरा खोदून विचारते. फोनवर ती माझ्याशी नीट बोलते. कधी गॅसला कपाट म्हणते, पण मला अजून "हात धुतलेस का ग तेलाचे?" विचारते. म्हणजे सगळंच काही गेलेलं नाही.

तुझी,
किणकिण


२४ जानेवारी

चि. किणकिण,

आशीर्वाद. मागे वळलेलं हँडल! अग, ते पेन्शन आणायला निघालेल्या माणसाचं हँडल. पुढच्या टोपलीत भाजी आणि मागे औषधाची पिशवी. ताईच्या दारात मी तसा जाऊन उभा राहिलो तर ती म्हणेल, "बाजारातून आलास का?" आणि फुलपाखराचं चित्र मी सायकलवाल्याच्या दुकानात पाहिलं. चष्मा आहे तो, चष्म्याची फ्रेम. नाकावर लावायचा की हातात धरायचा?

नाही. शिंगंच हवीत. माणसाने आयुष्यात एकच मोठा प्रवास करायचा, तर तो मनातल्या सायकलनेच करावा. अठ्ठावन्न वर्षं मी त्या धुळकट माणसाचे हात बघतो आहे. ते हँडलच्या खालच्या वळणावर होते, आणि त्याला कसलीही घाई नव्हती.

करंगळी ठणठणीत आहे. तिची झोप केव्हाच पुरी झाली.

मापं सोबत आहेत, आपल्या घरच्या रीतीने. तुला आठवत असेल: दर हिवाळ्याआधी ताई लोकरीचा तीन हात लांब तुकडा पाकिटातून पाठवायची, रंग पसंत आहे का ते कळव म्हणून. मी त्याच तुकड्याने माप घ्यायचो, गाठी मारायचो आणि परत पाठवायचो. पहिली ते दुसरी गाठ म्हणजे खांदे, दुसरी ते तिसरी म्हणजे हात. महिन्याभरात स्वेटर यायचा आणि खिशात तो तुकडा परत, "पुढच्या वेळी कामाला येईल" अशी चिठ्ठी टाचून. तेव्हा दोऱ्याच्या गाठी बघ आणि कामाला लाग.

सांगाड्याला नवा रंग द्यायला घेतला आहे. जांभळा खरवडला, आत राखाडी निघाला. आभाळी देणार आहे. वरच्या दांड्यावर काहीतरी लिहीन म्हणतो. काय ते ठरलेलं नाही. वैद्यबुवा म्हणतात की आधी सायकल, मग साहित्य. वैद्यबुवा म्हणजे कोपऱ्यावरचा सायकलवाला. चाकाला कान लावून बसतो आणि "हिला आतून त्रास आहे" म्हणतो, म्हणून मीच ठेवलेलं नाव.

हट्टी,
मामा


१२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझ्यापुढे कुणाचं चाललंय का कधी? शिंगं पाठवली आहेत. सोबत ब्रेक, गिअरचे खटके आणि हँडल सायकलला जोडणारी मान. दोऱ्याच्या मापानेच निवडलंय सगळं. खांदे चांगलेच रुंद निघाले तुझे, हातही लांब, म्हणून म्हटलं, बरं, कदाचित जमेलही. पोरं परीक्षेसाठी सायकली काढायला लागलीत, त्यामुळे मी पंधरा मिनिटंही जागची हलू शकत नाही. नाहीतर स्वतः येऊन बसवलं असतं.

वैद्यबुवांना चिठ्ठी वेगळी लिहिली आहे. पहिले आठ दिवस पाच किलोमीटरच्या वर जायचं नाही. मग दहा, मग वीस. आणि प्रत्येक वेळी उतरल्यावर हातांना काय वाटतं ते मला लिही. कवितेत नको, गद्यात.

तुझी,
किणकिण


२८ फेब्रुवारी

चि. किणकिण,

आशीर्वाद. सायकल अप्रतिम झाली आहे. वैद्यबुवांनी दोन दिवस घेतले, तिसऱ्या दिवशी कान लावला आणि म्हणाले, "आता बरी आहे." आभाळी रंगावर ती काळी शिंगं अशी शोभतात, की मी पहिल्या दिवशी बसलोच नाही, नुसता समोर खुर्ची टाकून बसलो.

मग रोज निघू लागलो. पाच झाले, दहा झाले, काल पंधरा. कालव्याच्या काठचा रस्ता सकाळी किती निवांत असतो. एक बगळा रोज त्याच दगडावर उभा असतो, वर्गाबाहेर काढल्यासारखा.

हात उत्तम. जरा दमतात एवढंच. सवय नाही.

दांड्यावर अजून लिहिलं नाही. सवड झाली नाही.

पेन बिघडलं आहे, अक्षराकडे लक्ष देऊ नकोस.

मामा


६ मार्च

प्रिय मामा,

पेन बिघडलेलं नाही. हात बिघडलाय.

रविवारी दुकान बंद होतं. तुझी तिन्ही पत्रं टेबलावर शेजारी शेजारी मांडली. सहा जानेवारीची शिरोरेघ बघ: पट्टी न लावता ओढलेली, या कडेपासून त्या कडेपर्यंत एक श्वास. माझ्या दुकानाची पाटी रंगवलीस तेव्हा खाली माणसं थांबून ती रेघ बघत होती. अठ्ठावीस फेब्रुवारीच्या पत्रात ती चौथ्या ओळीला कलायला लागते आणि बगळ्यापाशी येईपर्यंत तू ती देणंच सोडलंयस. चाळीस वर्षांत तू एकाही अक्षराला उघड्या डोक्याने घराबाहेर पाठवलं नाहीस, मामा. आणि दांड्यावर लिहायला सवड झाली नाही म्हणतोस? तू? सवडच असते तुझ्याकडे.

मग मी तो दोरा काढला. इतके दिवस नुसत्या गाठी मोजल्या, दोऱ्याकडे बघितलंच नव्हतं. मरून लोकर, एका जागी कसर लागलेली. मरून स्वेटर तुला आईने मी तुझ्याकडे राहायला आले त्या हिवाळ्यात पाठवला होता. मला कसं ठाऊक? कारण ते माप घेताना दोऱ्याचं दुसरं टोक मी धरलं होतं! तू मला सव्वीस वर्षांपूर्वीचा मामा पाठवलास, आणि मी मुकाट्याने त्याच्यासाठी सायकल बांधली. वर लोकर ती लोकर, ओढली की बोटभर वाढते.

चूक माझीही आहे. मी खांदे मागितले, हात मागितले, पाठ मागितली नाही. हाताचं हाड आखडत नाही, पाठ वाकते. गिऱ्हाईक असतास तर मी तुला स्टुलावर बसवून सगळं बघितलं असतं. मामा म्हणून विश्वास ठेवला.

आता खरी गोष्ट, जी तुला फोनवर सांगणार नव्हते. दादाने आईला विचारलं, "ऑक्टोबरात मामाला सायकलचं का नाही विचारलंस?" ती विसरलेली नाही, मामा. ती म्हणाली, "मी खिडकीतून बघत होते. बसमधून उतरताना त्यानं दांड्याला दोन्ही हातांनी धरलं, मग एक पाय, मग दुसरा. मग उभा राहून हात झटकले. म्हटलं, बास झाली थट्टा. कशाला त्याला आठवण करून द्यायची?"

तुला वाटलं तिची आठवण गेली. तिला वाटलं तुझं बळ गेलं. आणि दोघंही इतकी समजूतदार, की तीन दिवस एकमेकांना चहा देत बसलात.

ओरडून झालं. आता काम. पार्सलमध्ये मागे वळलेलं हँडल आहे. लगेच नाक मुरडू नकोस, आधी एक कर. तुझ्या घरी असताना मी रोज बघायचे: संध्याकाळी खिडकीशी उभा राहून, पुस्तक दोन्ही हातांत धरून तू कविता म्हणायचास. जुनं पाठ्यपुस्तक घे, सायकलवर बस, वैद्यबुवांना मागून धरायला सांग. डोळे मीट आणि एक अख्खी कविता म्हण. संपली की हात हलवू नकोस. बघ ते कुठे आहेत, तळवे कुठल्या दिशेला आहेत. तासन्‌तास तू तसा उभा राहायचास आणि तुझी करंगळी कधी झोपली नाही.

मग जे वाटेल ते हँडल लाव. पण हातांचं खरं लिहून पाठव. शिरोरेघेसकट.

किणकिण


१६ मार्च

चि. किणकिण,

पकडलंस. आशीर्वाद मागाहून, आधी कबुलीजबाब.

दहा किलोमीटरनंतर करंगळी आणि तिच्या शेजारची, दोन्ही जायच्या. पंधरानंतर अख्खा तळवा परक्याचा. त्या दिवशी घरी येऊन चहाचा कप उचलला तर तो हातातून कधी सुटला ते फुटल्याच्या आवाजानेच कळलं. खालच्या वळणावर हात नेण्याचं धाडस एकदाच केलं. मान वर होईना, म्हणून कालव्याचं फक्त पाणी दिसलं, रस्ता नाही. बगळा उडाला तो मला बघून. हे सगळं मी वैद्यबुवांना सांगितलं होतं आणि तुला न कळवण्याची शपथ घातली होती. ते म्हणाले, "रोगी खोटं बोलतो, सायकल बोलत नाही. हिला चालवणारा आखूड पडतो."

आणि दोरा. बटणांच्या डब्यात सापडला. नवं माप घ्यायला घरात दुसरं टोक धरणारं कुणी नव्हतं, हे एक कारण. दुसरं कारण तू ओळखलंच आहेस. त्या गाठींच्या मधे जो माणूस होता तो मला आवडायचा.

ताईचं वाचलं. ती खिडकीतून बघत होती हे मला ठाऊक असतं तर मी त्या बसमधून उडी मारली असती आणि पाय मोडून घेतला असता. बरं झालं ठाऊक नव्हतं.

मग तू सांगितलंस तसं केलं. चौथीचं पुस्तक घेतलं, कव्हर निघालेलं. वैद्यबुवांनी मागून सायकल धरली. मी डोळे मिटून नदीची कविता म्हटली, आठही कडवी. शेवटच्या कडव्याला वैद्यबुवांचा आवाज मिसळला. त्यांनाही ती होती! कविता संपली. हात जिथे होते तिथे ठेवले. डोळे उघडले तर तळवे एकमेकांकडे बघत होते, कोपर मऊ, पाठ सरळ. वैद्यबुवांनी हळूच पुस्तक काढून घेतलं आणि त्या जागी तुझं हँडल आणलं. मी मुठी मिटल्या. तसूभरही हलवावं लागलं नाही.

आणि मग दुसरंच काही आठवलं. बाबांच्या सायकलचं हँडल असंच होतं. मी दांडीखालून पाय घालून लटकलेला, आणि ताई शेजारून धावत माझे हात धरून याच वळणावर ठेवत होती, "इथं धर. पुढं बघ. मी आहे." त्या धुळकट प्रवाशाला मी अठ्ठावन्न वर्षं आठवत बसलो आणि जिनं शिकवलं तिच्या हातांची जागा विसरलो. पेन्शनरांचं हँडल म्हणालो, तो शब्द मागे घेतो.

शिंगं पडवीच्या भिंतीवर लावली आहेत. छत्रीची सोय झाली.

नवं माप सोबत आहे. साधी सुतळी, दुसरं टोक वैद्यबुवांनी धरलं. पाठही घेतली. कामाला येणार नाही, पण तुझ्याकडे असू दे.

काल पंचवीस किलोमीटर गेलो. करंगळी जागी. घरी येऊन ब्रश काढला आणि वरच्या दांड्यावर लिहिलं. काय ते सांगत नाही. डोंगरी सायकलचा दांडा उतरता असतो, त्यामुळे अक्षरं जरा उताराला लागली आहेत. पण या पत्रातली शिरोरेघ बघ आणि सांग.

पंचवीस तारखेला निघतो. ताईला सांगू नकोस.

तुझा,
मापात आलेला मामा


२० मार्च

प्रिय मामा,

रेघ बघितली. पट्टी लावून तपासली. गिऱ्हाइकालाही दाखवली.

तीनच गोष्टी. दर अर्ध्या तासाला थांबून हात झटक. रस्त्यावर झटक, आईच्या दारात नको. कॅरियरवर पिशव्या दोन्ही बाजूंना सारख्या भर, पुस्तकं सगळी एकीकडे कोंबू नकोस. मी ओळखते तुला. आणि हात गेले, वारा आला, काही झालं, तर बस थांबव आणि सायकल टपावर टाक. त्यात लाज नाही. दोनशे दहा किलोमीटर ही बढाई मारायची गोष्ट आहे, मरायची नाही.

आईला कुणी काही सांगणार नाही. दादाला मात्र सांगितलंय, दार बंद असलं तर लवकर उघड म्हणून.

तुझी,
किणकिण


२९ मार्च
ताईच्या घरून

चि. किणकिण,

अनेक आशीर्वाद. पोचलो. काल, दुपारचे चार वाजले होते.

पहिले दोन दिवस सोन्याचे. मी इतका हळू जात होतो की एक शेळ्यांचा कळप मला ओलांडून गेला. शेळ्या वळून बघत होत्या. दर अर्ध्या तासाला थांबलो, हात झटकले, बाटलीतलं पाणी प्यालो, एक कडवं म्हटलं आणि निघालो. पहिला मुक्काम एका शाळेच्या शिपायाकडे. त्याने मला रिकाम्या वर्गात झोपायला जागा दिली. फळ्यावर कुणीतरी घाईत तारीख लिहिलेली होती. मी ती पुसून नीट लिहिली.

तिसऱ्या दिवशी वारा आला, समोरून, भिंतीसारखा. दुपारपर्यंत नऊ किलोमीटर झाले. तेव्हा तुझ्या शिंगांची आठवण आली, खोटं कशाला सांगू. खाली वाकलो असतो. पण मग करंगळीचीही आठवण आली. मोठ्या पुलाच्या अलीकडे उतरलो आणि उभा राहिलो. मागून बस आली. कंडक्टरने खाली उतरून विचारलं, "आजोबा, कुठं?" मी म्हटलं, "बहिणीकडे." तो म्हणाला, "मग वाऱ्याशी का भांडताय?" आणि दोघातिघांनी सायकल टपावर चढवली. अठरा किलोमीटर. पुढच्या गावाच्या फाट्यावर उतरलो. तिथून काल पूर्ण चालवत आलो. हे अठरा किलोमीटर कुणाला सांगायचे नाहीत असं मी ठरवलं होतं. तुलाही नाही.

गल्लीच्या तोंडाशी थांबून हात झटकले, कॉलर नीट केली. घंटी वाजवली. तुझीच ती जुनी, किणकिण करणारी.

दार ताईनेच उघडलं. तुझा दादा मागे उभा होता, त्याने तिला उघडू दिलं. तिनं आधी माझ्याकडे बघितलंच नाही. पायऱ्या उतरून खाली आली, भिंतीला धरून, एक पाय, मग दुसरा. सायकलभोवती एक फेरी घातली. वरच्या दांड्यावरची अक्षरं बोटाने चाचपत वाचली. "मी आहे" एवढंच लिहिलंय मी. मग तिनं हँडल धरलं, दोन्ही हातांनी, बरोबर वळणावर. बराच वेळ धरून उभी राहिली. मला वाटलं, आता विचारील. मग वाटलं, आता कशाला विचारील, सायकल तर समोर आहे. तेव्हा कळलं की मी सायकल घेऊन आलो, पण त्या प्रश्नाला जागाच ठेवली नाही.

तिनं माझ्या खांद्यावरून मागे डोकावलं, गल्लीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि विचारलं,

"बस कुठं लावलीस?"

किणकिण, मी तोंड मिटायच्या आत तोंडच बोलून गेलं: "पुलापाशी, ताई. अठराच किलोमीटर."

ती पायरीवर बसली. हसता हसता तिला बसावंच लागलं. तुझा दादा हसला, वहिनी हसली, समोरच्या घरातलं कुणीतरी काय झालं म्हणून बाहेर आलं. ताई डोळे पुसत म्हणाली, "थट्टा केली रे मी. मला काय ठाऊक!"

आता ती शेजारी बसली आहे आणि पत्र पुरं करू देत नाही. पेन मागते आहे. देतो.

तुझा,
मामा


हात धुतलेस का तेलाचे?

सायकल चांगली केलीस. तो म्हणतो हँडल तू निवडलंस. मी त्याला म्हटलं, ते मी निवडलं होतं.

त्याचं माप मी आज घेतलं. चांगला आखूड झालाय, आणि सांगत नव्हता. लोकर आणायला सांगितली आहे. माझी बोटं आता कितपत चालतील ठाऊक नाही, पण माप घेतलेलं बरं. तुझंही हवं. दोरा पाठवू नकोस. तू आलीस की समोर बसवून घेईन.

आणि ये ती सायकलने ये. मी विचारणार आहे.

आई